रिठदच्या बाजारातली जुडी

ती घटना मी विसरलेलो नाही, आणि विसरावी असं वाटतही नाही. तीस-बत्तीस वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, एका दंगलीत डोकंही फोडून घेतलं. त्यातलं पुष्कळसं आता एकमेकांत मिसळून गेलंय. हे प्रकरण त्या मानानं किरकोळ. पेपरात चार ओळी आल्या असतील नसतील. पण त्यात मी एका निरपराध माणसाच्या कानाखाली ठेवून दिली होती, म्हणून त्याचा बारीकसारीक तपशील ध्यानात आहे.

मी तेव्हा मंगरूळपीरच्या बाजूला एका ठाण्याचा ठाणेदार होतो. ठाणं लहान, माणसं कमी, आणि हद्दीत गावं भरपूर. हजेरी घेतली, स्टेशन डायरी चाळली, चहा झाला की दहाच्या सुमारास तक्रारदार यायला लागत. बांधाची भांडणं, म्हैस चोरीला, नवरा दारू पिऊन मारतो, हेच सगळं. थंडीचे दिवस होते. त्या सकाळी तिशीतला एक शेतकरी आला. गावाला लागून त्याची ओलिताची जमीन, त्यात वांगी, भेंडी, पालक, सांबार असा भाजीपाला. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे बाहेरच्या वाचकांसाठी सांगून ठेवतो. घरात तो, त्याची आई, बायको आणि चार वर्षांची मुलगी. बायको आदल्या दिवशी दवाखान्यात जाते म्हणून निघाली ती परतलीच नव्हती.

मिसिंगची तक्रार दाखल केली. वय चोवीस, रंग गव्हाळ, बांधा सडपातळ, नेसणीत हिरवी साडी. फोटो घेतला, आसपासच्या ठाण्यांना कळवलं, मोबाईलचा तपशील मागवला. फोन बंद होता. शेवटचं ठिकाण मंगरूळपीरचं बसस्थानक. कोणावर संशय आहे का, विचारलं. नाही म्हणाला. घरात भांडण? नाही. हे दुसरं नाही त्यानं जरा जास्तच घाईनं म्हटलं, आणि माझ्या मनात पाल चुकचुकली.

खरं सांगतो, चार वर्षांचं लेकरू घरी ठेवून बाई बेपत्ता झाली की पोलिसाला दोनच गोष्टी सुचतात. ती कोणाबरोबर तरी गेली, नाही तर तिचं बरंवाईट झालं. लेकराला टाकून आई जात नाही, असं आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं. पोलीसही तेच ऐकून मोठा होतो. त्यामुळे माझा कल आपोआप दुसऱ्या गोष्टीकडे गेला.

तिसऱ्या दिवशी तिचे वडील आणि भाऊ ठाण्यात आले. आमच्या पोरीला सासरच्यांनी मारलं, असं त्यांचं ठाम म्हणणं. शेजारच्या बाईनं सांगितलं की ती गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी नवरा-बायकोत मोठ्यानं बोलणं झालं होतं. म्हणजे भांडण नाही म्हणाला ते खोटं. त्याच दुपारी ठाण्याच्या फोनवर पुरुषाच्या आवाजात खबर आली. बाई विहिरीत आहे, नवऱ्यानंच टाकली, एवढं बोलून फोन बंद. ड्युटीवरच्या हवालदारानं वेळ, नंबर आणि शब्द डायरीत टिपले. आम्ही त्याला निनावी फोन म्हणत राहिलो, आणि नंबर आमच्याच डायरीत पडून होता. घाई झाली की माणूस समोरचं वाचत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या शेतातल्या विहिरीवर दोन मोटारी लावून दिवसभर उपसा केला. अर्धं गाव काठावर जमलं. एक फुटकी बादली निघाली, दोर निघाला, आणि गाळातून एक बायकांची चप्पल. तिच्या वडिलांनी ती चप्पल छातीशी धरली आणि माह्याच पोरीची हाये म्हणून रडायला लागले. नवरा म्हणत होता, ती आईची आहे, मागच्या वर्षी पडली. आई पण तेच म्हणाली. पण रडणाऱ्या बापापुढे कोण ऐकतो? माझ्या डोळ्यांसमोर खुनाचं प्रकरण उभं राहिलं होतं, फक्त प्रेत तेवढं सापडायचं होतं.

अटक करण्याइतका पुरावा नव्हता. मग चौकशी. सकाळी बोलवायचं, संध्याकाळी सोडायचं, असे चार दिवस. मी त्याला समोर बसवून एकच विचारत होतो. कुठं टाकलीस? कशानं मारलंस? कोण होतं बरोबर? त्याच्या हातावर ओरखडे होते. तो म्हणे वांग्याच्या काट्यांचे. मी म्हणे बायकोच्या नखांचे. तिसऱ्या दिवशी तो बोलायचाच थांबला. खाली मान घालून फरशीकडे बघत बसला, आणि माझं डोकं फिरलं. उठलो आणि एक ठेवून दिली. त्यानं गालाला हातसुद्धा लावला नाही. मुरलेला गुन्हेगार आहे, असं मी जमादाराला म्हणालो. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय!

चौथ्या दिवशी दुपारी त्याची आई आली. पन्नाशी ओलांडलेली, उन्हानं काळवंडलेली बाई, हातात कापडी पिशवी. पोराला सोडा म्हणून पाया पडायला आली असेल असं मला वाटलं. तिनं पिशवीतून सांबाराची जुडी काढली आणि माझ्या टेबलावर, कागदांवरच ठेवली.

"सायेब, माही सून जिती हाये. हे जुडी तिच्या हातची हाये," ती म्हणाली.

मला हसू आलं. जमादार तर उघड हसला. तिला काही फरक पडला नाही. तिची बहीण रिठदला असते, रिसोड तालुक्यात, म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. बहिणीचं घर संकटात आहे, विहीर उपसलेली, मळ्यात कोणी जात नाही, म्हणून ती भेटायला येताना तिथल्या बाजारातून भाजी घेऊन आली होती. पिशवी रिकामी करताना सासूच्या हाती ही जुडी लागली.

मग तिनं मला जुडी वाचायला शिकवलं. बाकीचे लोक सुतळीनं नाही तर रबरानं बांधतात आणि गाठ मारतात. या घरात केळीच्या सोपाची, म्हणजे खोडाच्या सालीची, ओली पट्टी घेतात, दोन वेढे देतात आणि गाठ न मारता पट्टीचं टोक काड्यांच्या मधे खोचतात. ही रीत सासूच्या माहेरची. तिनं ती सुनेला शिकवली. आसपास दुसरं कोणी तशी बांधत नाही. आणि सून डावखुरी होती. त्यामुळे तिचे वेढे उलट्या बाजूनं जायचे. सासूनं किती वेळा टोकलं होतं, पण हात काही वळला नाही.

मी चाचणी घ्यायची ठरवलं. महिला हवालदाराला पाठवून बाजारातून पंधरा-वीस जुड्या मागवल्या. काही सासूच्याच घरून मागवल्या, सुनेनं जाण्याआधी बांधलेल्या, सुकून गेलेल्या. रिठदच्या जुडीसकट सगळ्या मिसळून टेबलावर पसरल्या. इतकी वर्षं आरोपींची ओळख परेड घेतली होती, सांबाराची पहिल्यांदाच घेत होतो. बाईनं पानांकडे पाहिलंच नाही. नुसता अंगठा बंधावर फिरवत गेली आणि उलट्या वेढ्यांच्या, सुनेच्या सगळ्या जुड्या वेगळ्या काढल्या, रिठदची त्यातच. स्वतःची एक निघाली तीही बाजूला ठेवली आणि म्हणाली, ही माही, घाईत बांधलेली. जमादार हसायचा थांबला.

मी तिला विचारलं, चार दिवस गप्प का होतीस? सून कोणाबरोबर गेली असेल हे तुला ठाऊक होतं ना? तिनं खाली पाहिलं. ठाऊक होतं. पोरालाही ठाऊक होतं. गावातला सगळा भाजीपाला उचलून नेणारा एक पिकअपवाला होता, रिसोडकडचा. रोज दुपारी घरोघरच्या बायका त्याला फोन करून किती क्रेट माल तयार आहे ते सांगत. त्याचा नंबर सुनेच्या फोनच्या यादीत आम्ही पाहिला होता, पण तो गावातल्या प्रत्येकाच्या यादीत होता, म्हणून सोडून दिला होता. आदल्या संध्याकाळचं भांडण त्याच फोनवरून झालं होतं. ती गेल्यावर नवरा दोन दिवस बाजारात त्या गाडीची चौकशी करत फिरला. पण ठाण्यात मात्र बोलला नाही. बायको दुसऱ्याबरोबर गेली हे गावाला कळण्यापेक्षा बायको मारली हा आळ त्याला परवडला. शहरातल्या वाचकाला हे पटणार नाही. ज्यानं गावात मान खाली घालून दिवस काढलेत त्याला लगेच पटेल.

रिसोड ठाण्याला कळवून आम्ही दुसऱ्या सकाळी रिठदला गेलो. महिला हवालदार आणि सासू बरोबर. सासूच्या बहिणीनं जिच्याकडून जुडी घेतली होती त्या भाजीवालीनं मळा दाखवला. मळेवाल्यानं सांगितलं की महिनाभराच्या बोलीवर एक जोडपं शेडमध्ये ठेवलंय, नवरा गाडीवर असतो, बाई जुड्या बांधते. शेडच्या सावलीत ती बसली होती. समोर सांबाराचा ढीग. आम्हाला पाहून ती उठली नाही. तिनं फक्त सासूकडे पाहिलं.

"माही पोरगी कशी हाये?"

"बरी हाये. दाराकडे पाहून राह्यली," सासू म्हणाली.

"तुमी त माह्या नावानं आंघोळ केली म्हणे."

"कोण म्हणे?"

आमच्या भागात कोणी घराचं नाव घालवून गेलं की घरचे त्याच्या नावानं आंघोळ करतात, म्हणजे तो माणूस आपल्यापुरता मेला. तो पिकअपवाला गडी तिला चौथ्याच दिवशी हे सांगून मोकळा झाला होता. परतीची वाट बंद करायला त्यापेक्षा स्वस्त कुलूप नव्हतं. तिचा ओठ फुटलेला होता, मनगटावर काळंनिळं होतं. कशानं झालं विचारलं तर पडले म्हणाली. आणि लगेच, मी सज्ञान आहे, स्वखुशीनं आले आहे, हेही म्हणाली. हे वाक्य तिला कोणीतरी पाठ करून घेतलं होतं. पण कायद्यानं ते खरंच होतं. मिसिंगच्या कामी जबाब द्यायला तिनं ठाण्यात यावं, एवढंच मी म्हणू शकत होतो. ती आली. गडी त्याच दुपारी रिसोडच्या बाजारात गाडीसकट मिळाला.

ठाण्यात पोचल्यावर पहिलं काम मी तिच्या नवऱ्याकडे जायचं केलं. तो पाचव्या दिवशीही व्हरांड्यात येऊन बसला होता. मी म्हणालो, तुझी बायको जिवंत आहे, माझी चूक झाली, मला माफ कर. अंगात वर्दी असताना हे म्हणायला जीभ जड होते. पण म्हणालो.

"तुमी रोज इचारलं, कुठी टाकली," तो म्हणाला. "कायले गेली, हे एकडाव बी नाही इचारलं."

विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं का? मला शंका आहे. पण विचारलं नव्हतं, हे खरं आहे.

तिचा जबाब महिला हवालदारानं वेगळ्या खोलीत घेतला. मी मुद्दाम बाहेर थांबलो. दोन पानांचा तो जबाब मी नंतर वाचला. लग्न एकोणिसाव्या वर्षी झालं. नवरा मारत नाही, पीत नाही. सासू जीव लावते. पहाटेपासून मळ्यात, मग जुड्या, मग स्वयंपाक. दुपारी क्रेट सांगायला फोन करायचा, तिथं पिकअपवाला दोन शब्द बोलायचा. पुढचं तिच्याच शब्दांत लिहिलं होतं. "घरी मले कोणी 'ऐक व' म्हणे, कोणी 'पोरीची माय' म्हणे. पाच वर्सात माह्या नावानं मले त्यानंच बलावलं." बरोबर नेल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यानं तिचा फोन काढून घेतला, सिम मोडलं. संशय घेऊन मारायचा. मजुरी तोच उचलायचा. त्याच्या मोबाईलमध्ये तिच्या मुलीचा एक फोटो होता. ती नीट वागली तर तो दाखवायचा, नाही तर नाही. मुलीला घेऊन येतो असं रोज सांगायचा. आणि एवढं सगळं सांगून झाल्यावर शेवटची ओळ होती, माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

महिला हवालदार चिडली होती. एवढा मार खाऊन ही त्याच्याकडेच परत जाते म्हणते, साहेब! मला मात्र राग आला नाही, भीती वाटली. पोरीसाठी तिचा जीव तुटत होता, आणि पोरगी आणून देणारा जगात तोच एक उरलाय असं तिला वाटत होतं. रागात मारतो पण मग रडतो, असं ती म्हणाली होती. अशा रडण्यावर विश्वास ठेवणाऱ्या बायकांचे पंचनामे मी केलेले आहेत.

तोवर डायरीतल्या नंबरचा पत्ता लागला होता. रिसोडच्या एका चहावाल्याचा फोन. त्यानं सांगितलं, ओळखीच्या गाडीवाल्यानं बॅटरी उतरली म्हणून मागून घेतला होता. गड्याला विचारलं तेव्हा आधी कानावर हात ठेवले. चहावाल्याला समोर आणल्यावर पाचच मिनिटांत कबूल झाला. नवरा बाजारात त्याच्या गाडीची चौकशी करत होता, त्याला अडकवायला हा उद्योग. गुन्हेगार फार हुशार असतात हा सिनेमातला समज आहे. बहुतेकांना उद्याच्या पलीकडचं दिसत नाही.

मी तिला उपदेश केला नाही. तिला आणि गड्याला समोरासमोर बसवलं, डायरीचं पान उघडून तिच्यापुढं सरकवलं. ती दहावी शिकलेली होती. तिनं नोंद दोनदा वाचली. मग मी एवढंच सांगितलं की या फोनमुळे विहीर उपसली आणि तिच्या नवऱ्याला मी चार दिवस बसवलं, हातही उचलला.

तिनं गड्याकडे पाहिलं. "माह्या पोरीच्या बापाले फाशी झाली असती त?"

"कायची फाशी? चार दिवस मार खाल्ला असता न् गप बसला असता," तो म्हणाला. "तुह्याचसाठी केलं ना मी."

तिनं डायरी मिटून माझ्याकडे सरकवली. मग महिला हवालदाराला म्हणाली, तो कागद आणा, शेवटची ओळ खोडा, माही तक्रार हाये. पुरवणी जबाब घेतला, वैद्यकीय तपासणीला पाठवली. मारहाण, डांबून ठेवणं, खोटी खबर देऊन दुसऱ्याला गुंतवणं, सगळी कलमं लागली.

ती कुठं जाणार हा प्रश्न उरलाच. तिच्या वडिलांना फोन केला. ज्यांनी चप्पल छातीशी धरली होती, त्यांनी आता ती आम्हाला मेली असं सांगून फोन ठेवला. माहेरच्यांनी खरोखर आंघोळ केली, असं पुढे कळलं. नवऱ्याच्या घरी जातेस का विचारलं तर म्हणाली, कोणत्या तोंडानं जाऊ? वाशीमला निराधार बायकांसाठी संस्था आहे, तिकडं पाठवायची मी तयारी केली. तेवढ्यात सासू नातीला घेऊन आली. पोरगी आईला पाहून आजीच्या पदराआड गेली. दहा-बारा दिवसांतच ती बिचकायला लागली होती. आईनं हात पुढे केला आणि मागे घेतला. ते मला पाहवलं नाही.

मी बाहेर आलो. नवरा फाटकाजवळ ऑटो घेऊन उभा होता. जबाबातली गोष्ट बाहेर सांगू नये, हा नियम आहे. मी मोडला. ती का गेली, हे त्याला सांगितलं. तो गोंधळला. "आमच्यात बायकोले नावानं नाही बलावत सायेब. माह्या बापानं बी नाही बलावलं," म्हणाला. मी म्हणालो, मग तुझं तू पाहा.

थोड्या वेळानं सासू बाहेर आली, कडेवर नात. मागून ती, हातात प्लास्टिकची पिशवी. पायऱ्या उतरून ती फाटकापाशी थांबली. सासू पुढे जाऊन ऑटोत बसली. ती तिथंच उभी. पुढे जाईना, मागेही फिरेना. नवऱ्यानं दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. आवारात जमादार, शिपाई, आणखी दहा-बारा तक्रारदार उभे होते. सगळ्यांसमोर त्यानं तिला नावानं हाक मारली. आवाज फुटका होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. ते नाव मी इथं लिहिणार नाही. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि जाऊन ऑटोत बसली.

पुढे सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. वर्षभर गावानं तिला टोमणे मारले, घरातही धुसफूस होती, असं बीटच्या शिपायाकडून कळायचं. पण ती राहिली. खटल्यात साक्षीलाही उभी राहिली, आणि उलटतपासणीत डगमगली नाही.

या प्रकरणानं मला शिकवलं ते फार मोठं नाही. तपासात आपण उत्तरं खोटी ठरली म्हणून हळहळतो, पण बरेचदा आपला प्रश्नच चुकलेला असतो. त्यानंतर बायको बेपत्ता झाल्याची तक्रार घेऊन कोणी नवरा आला की त्याला मी आधी पाणी देऊन बसवायचो आणि विचारायचो, घरी तिला काय म्हणून हाक मारता? पुष्कळांना उत्तर द्यायला वेळ लागायचा.

ज्या दिवशी ती ऑटोत बसून गेली त्या संध्याकाळी मी लवकर घरी गेलो. बूट काढता काढता सहज, लग्नाला सव्वीस वर्षं झाल्यावर पहिल्यांदाच, बायकोला तिच्या नावानं हाक मारली. ती पिठाच्या हातांनीच धावत बाहेर आली. चेहरा उतरलेला.

"काय झालं?" तिनं विचारलं. "कोणी गेलं का?"